माहेरच्या नावाचं लॉगिन

लग्नात माझं नाव बदललं तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. आमच्याकडे विचारायची पद्धतच नाही. ताटात तांदूळ पसरतात, नवऱ्याच्या हातात अंगठी देतात, तो अंगठीनं तांदळात नवं नाव लिहितो, बायका वाकून वाकून वाचतात, पेढे वाटतात, झालं. जन्मापासून ज्या नावाला मी ओ दिली, ते नाव त्या दिवशी संपलं. सासूबाई म्हणाल्या, "किती गोड नाव काढलं पाहा!" मी मान खाली घालून हसले. आतून एवढी चिडले होते की ते ताट उचलून अंगणात भिरकावावंसं वाटत होतं.

पण एका जागी माझं जुनं नाव तसंच राहून गेलं. ती जागा म्हणजे आर्णीच्या बाहेर, रस्त्याला लागून असलेल्या एका जिनिंगमधला कॉम्प्युटर. जिनिंग म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना. लग्नाआधीपासून मी तिथल्या ऑफिसात नोकरीला होते. माहेर माझं पुसदचं. वडील सरकारी ऑफिसात कारकून, आजोबाही तेच. आमच्या घरात शेत कोणाचंच नव्हतं, पण टेबल-खुर्ची तीन पिढ्यांची होती. मी कॉम्प्युटरचा कोर्स केला, आर्णीला मामाकडे राहायला आले आणि जिनिंगच्या मालकांनी, शेठजींनी, मला कामावर घेतलं.

कपाशीचे ते वाईट दिवस होते. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं. दिल्ली-मुंबईचे लोक कॅमेरे घेऊन यायचे, आम्हाला चेहरे पाडून उभं राहायला सांगायचे आणि संध्याकाळच्या आत परत जायचे. बोंडअळीनं खाऊन जे उरायचं ते लोक बैलगाडीत, ट्रॅक्टरमध्ये घालून आमच्या दारात आणायचे. अशा दिवसांत गाडीतला एकेक किलो कापूस मोलाचा. वजनकाट्यावरचा लाल आकडा हलायला लागला की गाडीवाल्याचा श्वास अडकायचा, हे मी खिडकीतून रोज पाहत होते.

तेव्हाच शेठजींनी हातानं लिहिणं बंद करून सॉफ्टवेअर बसवलं. नागपूरहून एक माणूस आला. बारीक, घामाघूम, सतत घड्याळ बघणारा. त्यानं आम्हाला सगळ्यांना बसवून समजावलं. काट्यावरचा माणूस वजन टाकेल, पण एकदा टाकलेलं वजन त्याला बदलता येणार नाही. ऑफिसातली मॅडम, म्हणजे मी, ते दुरुस्त करू शकेन, पण मग पावतीखाली माझं नाव छापलं जाईल. कोणाचं लॉगिन चालू-बंद करायचं कामही माझ्याच नावानं. गाठींचं काम बघणाऱ्याला वजनाचं पान दिसणारच नाही. शेठजींना सगळं दिसेल, पण काही बदलता येणार नाही. ज्याचं जेवढं काम, त्याला तेवढंच दार. आणि प्रत्येकाचा पासवर्ड प्रत्येकाच्याच डोक्यात.

शेठजींना हे अपमानासारखं वाटलं. "म्हणजे मी माह्याच माणसांवर भरोसा नाही ठेवायचा? सगळे घरचेच आहेत इथं."

"भरोसा ठेवा ना शेठजी," तो माणूस म्हणाला, "पण दारं वेगळी ठेवा. हे चोर पकडायसाठी नाही. उद्या काही वाकडं झालं तर ज्यानं केलं नाही त्याच्यावर आळ यायला नको, त्यासाठी आहे."

मला हे लगेच पटलं. माझे वडील ऑफिसात पाणी प्यायला उठले तरी ड्रॉवरला कुलूप लावून उठायचे आणि किल्ली जानव्याला बांधायचे. लोक हसायचे. वडील म्हणायचे, "माझ्या शेजारचा चोर आहे म्हणून नाही लावत. ड्रॉवर माझा आहे म्हणून लावतो."

नागपूरवाला गेला, आणि त्याची गाडी फाटकाबाहेर पडते न पडते तोच शेठजींनी सगळ्यांचे पासवर्ड एका कागदावर लिहून घेतले. कागद कुठे ठेवावा? ऑफिसातल्या लक्ष्मीच्या फोटोमागे! "तिथं हात घालायची कोणाची छाती आहे?" म्हणे. छाती सगळ्यांचीच होती. कोणाला उशीर झाला की दुसरा लक्ष्मीला नमस्कार करायचा, कागद काढायचा, पासवर्ड बघायचा, पुन्हा नमस्कार करून कागद जागेवर ठेवायचा. नमस्कार दोनदा केला की पाप नाही, असा आमचा हिशेब. दसऱ्याला आम्ही कॉम्प्युटरची पूजा केली. कीबोर्डवर हळदीकुंकू वाहिलं, आपट्याची पानं ठेवली. एंटरचं बटण पुढं कितीतरी दिवस लाल होतं. मी शेठजींना म्हटलं, "तो कागद काढा हो तिथून, पूजा करून काय उपयोग?" ते हसले. "पोरी, तू लय सरकारी आहेस."

काट्याच्या केबिनमध्ये वजन टाकायला जे बसायचे, त्यांनीच माझं स्थळ काढलं. त्यांचा धाकटा भाऊ शाळेत मास्तर होता. "पोट्टी हुशार आहे, शांत आहे," असं त्यांनी घरी सांगितलं. हुशार ठीक आहे, पण शांत त्यांना कुठून दिसले देव जाणे. लग्न झालं आणि काट्यावरचे ते बाबू माझे मोठे दीर झाले. मी त्यांना भाऊजी म्हणायला लागले. रोज सकाळी त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसून मी कामावर जायची, संध्याकाळी त्यांच्याच मागे बसून परत. मध्ये दोघांचे डबे. डबे सासूबाईंनी भरलेले. घरातून निघालं की घरचाच माणूस पुढे, ऑफिसात पोचलं की तोच माणूस समोर. बाहेर पडले असं मला कधी वाटायचंच नाही.

लग्नानंतर नागपूरवाला आला तेव्हा त्यानं माझ्या नव्या नावाचं लॉगिन करून दिलं. त्याला हक्क साधेच दिले, नवी पावती करायची आणि छापायची, बस. मी विचारलं, दुरुस्तीचं काय? शेठजी म्हणाले, "हळूहळू देऊ ना बेटा, घाई काय आहे?" वा! घरात सासूबाई कपाटाच्या किल्ल्या देत नव्हत्या, त्याही हेच म्हणत होत्या. मग त्या माणसानं विचारलं, "जुनं नाव बंद करू का?"

"राहू द्या ना," शेठजी म्हणाले, "ते काय खायले मागते?"

खरं सांगते, मला तेव्हा बरं वाटलं. वाटणारच. घरात, गल्लीत, राशन कार्डावर, सगळीकडे मी पुसली गेले होते. कुठंतरी एका जागी पुसदची मुलगी अजून हजेरीवर आहे, आणि तीही सगळ्या किल्ल्या घेऊन, याचा मला आनंद झाला.

भाऊबीज होऊन गेली होती. मला माहेरी पाठवलं नव्हतं, कारण कापसाचा हंगाम. दुपारची जेवणं चालली होती, यंत्रं बंद होती, ऑफिसात मी एकटीच. मला एवढी आठवण आली की काही सुचेना. आणि मी वेड्यासारखं केलं. कॉम्प्युटरवर नव्या नावातून बाहेर पडले आणि जुनं नाव टाकलं. नुसतं पडद्यावर वर कोपऱ्यात ते नाव बघायचं होतं. पासवर्ड टाकला, एंटर दाबलं.

पडद्यावर इंग्रजीत ओळ आली, की ही व्यक्ती आधीच आत आहे.

मी पुन्हा टाकलं. पुन्हा तेच. मी तर इथं बाहेर बसले होते, मग आत कोण बसलं होतं?

कॉम्प्युटर तीनच. एक माझ्यापुढे. दुसरा शेठजींच्या खोलीत, आणि शेठजी यवतमाळला गेले होते, खोलीला कुलूप. तिसरा काट्यावर. मी चपला न घालताच अंगणातून धावत गेले. केबिनच्या काचेतून दिसलं. भाऊजी एका हातानं पोळी खात होते, दुसऱ्या हातानं वजनाचा आकडा खोडत होते. पडद्याच्या कोपऱ्यात माझं माहेरचं नाव.

"भाऊजी, हे काय करून राह्यले तुम्ही?"

ते दचकलेसुद्धा नाहीत. "काय झालं? माह्या नावानं वजन बदलत नाही. तुह्या जुन्या नावानं बदलते."

"पण बदलता कायले?"

"कापूस ओला असते. लोक पाणी मारून आणतात. थोडं थोडं कापाच लागते. वजन करतानी कापलं तं भांडतात, मागून कापलं तं कोनाले समजत नाही."

"मग तुमच्या नावानं कापा."

"माह्या नावाले ते दार नाही ना!" असं म्हणून ते हसले, पोळीचा घास गिळला आणि पुढं जे बोलले ते मी आजही विसरले नाही. "आन ते नाव आता तुहं राह्यलं कुठं? तू तं आता आमची. त्या नावाचं काही झालं तं तुले काय त्रास?"

संध्याकाळी मला त्याच माणसाच्या मागे गाडीवर बसावं लागलं. दुसरी सोय नव्हती. वाटेत खड्डे आले की मी मागची लोखंडी कडी घट्ट धरायची, त्यांच्या खांद्याला हात लागू नये म्हणून. ते वाटेत भाजी घ्यायला थांबले, मला विचारलं, "मेथी घेऊ का पालक?" मी मेथी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

घरी नवऱ्याला सांगितलं. ते वह्या तपासत होते. ते चांगले आहेत, पण भावापुढे त्यांची जीभ टाळूला चिकटते. म्हणाले, "जाऊ दे ना. दादा शेठच्या फायद्यासाठीच करतो, स्वतःच्या खिशात तर घालत नाही." मी म्हटलं, "माझ्या नावानं करतात." ते म्हणाले, "जुन्या नावानं." म्हणजे यांनाही तसंच वाटत होतं! सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी कणकेच्या हातानंच मला गप्प केलं. "घरातली गोष्ट घरातच राहू दे. मोठ्या दिराबद्दल असं बोलतात का?" एवढं बोलून त्यांनी माझ्यापुढं लाटणं सरकवलं.

शेठजींना सांगितलं, तर त्यांनी भिंतीवरच्या लक्ष्मीकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाहतो." पाहतो म्हणजे नाही पाहत, हे तिथं काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. पासवर्ड बदलावा असं माझ्या मनात आलं, पण बदललेला पासवर्डही त्या कागदावर लिहायचा असा शेठजींचा नियम होता. मी दोन दारांच्या मध्ये अडकले होते. ऑफिसात बोलले तर घरी तोंड दाखवायची चोरी, घरी बोलले तर ऑफिसात. आणि रोज कुठल्यातरी गाडीवाल्याच्या हातात माझ्या नावाची पावती पडत होती. रोज. मी ते नाव खाली छापलेलं बघायची.

मग एक दिवस जवळच्या तांड्याचा नाईक आला. तांडा म्हणजे बंजाऱ्यांची वस्ती, नाईक तिचा मुख्य. उंच, म्हातारा, पांढरं धोतर, आवाज एवढा मोठा की रुईचं यंत्र चालू असलं तरी ऐकू यायचा. मी लग्नाआधीपासून त्याची पावती करत होते. तो मला माहेरच्या नावानं ओळखत होता आणि त्याच नावानं हाक मारायचा, 'बाई' लावून. त्या दिवशी त्यानं हाक मारली नाही. पावती माझ्या टेबलावर ठेवली.

"काट्यावर मी आपल्या डोयानं आकडा पाह्यला. लाल, मोठा. पावतीवर कमी आहे. माहाच नाही, तांड्यातल्या साऱ्याइचा कमी आहे. आन खाली नाव तुहं. काहून केलं, बाई?"

मी म्हटलं, "मी नाही केलं, बाबा."

"मंग हे नाव कोनाचं?"

माझंच होतं. काय सांगणार? हे माझं नाव आहे पण ही मी नाही, असं सांगितलं असतं तर त्याला मी वेडी वाटले असते किंवा बदमाश. तो माझ्याकडे बघत राहिला. रागानं बघितलं असतं तर सोसलं असतं. त्याला वाईट वाटलं होतं. "तू तं आपल्या लेकीसारखी होती," म्हणाला आणि शेठजींच्या खोलीत गेला. उद्या दुपारपर्यंत वजन नीट करून द्या, नाही तर तांड्याच्या गाड्या काट्यावर आडव्या लावतो, असं सांगून निघून गेला.

शेठजींनी मला बोलावलं. भाऊजी आधीच तिथं उभे होते. टेबलावर कोरा कागद आणि पेन.

"बेटा, एवढं लिहून दे, की टायपिंगमध्ये माह्याकडून चुकलं. लेडीज आहे म्हणून लोक समजून घेतात. त्याच्यावर आलं तं तांड्याचे लोक हात-पाय मोडतील. घरचा माणूस आहे तुहा."

"आणि मी?"

"तुले कोन काय करते?"

मला कोण काय करणार! आर्णीपासून पुसदपर्यंत प्रत्येक बाजारात लोक म्हणणार, हीच ती, हिनंच गरिबाच्या कापसाचं वजन चोरलं. वडिलांच्या कानावर जाणार. ज्यानं आयुष्यभर पाणी प्यायला उठतानासुद्धा ड्रॉवरला कुलूप लावलं, त्याच्या मुलीच्या सहीचा कागद शेठजींच्या कपाटात राहणार, आणि मी काही बोलायला गेले की तो कागद बाहेर निघणार. जन्मभर. मी म्हटलं, "मी लिहून देणार नाही."

"विचार कर," शेठजी म्हणाले. रात्री घरी जेवायला बसलो. सासूबाईंनी मला भाजी वाढली नाही, भांडं नुसतं माझ्यापुढं सरकवलं. नवरा खाली मान घालून जेवला. मी त्या घरात कोणाच्याच बाजूनं नव्हते आणि माझ्या बाजूनं कोणी नव्हतं.

सकाळी ऑफिसात जाऊन बसले, नवं नाव टाकलं, पासवर्ड टाकला. उघडेना. या नावाला आत यायची परवानगी नाही, असं आलं. मागून भाऊजी आले. "शेठजींनी बंद करायले सांगतलं. तू लिहून दे, मी लगेच चालू करतो."

"तुम्ही केलं बंद? कोणत्या नावानं?"

ते खिडकीबाहेर काट्याकडे बघायला लागले. सांगायची गरजच नव्हती. ते काम ज्या नावानं होत होतं ते एकच होतं. माझ्याच नावानं मला बाहेर काढलं होतं!

मी भयंकर संतापले. तेवढ्यात फाटकावर आरडाओरडा झाला. तांड्याच्या गाड्या दुपारची वाट न बघताच आल्या होत्या. भाऊजी तिकडे धावले. मी त्यांना काचेतून काट्याकडे जाताना पाहिलं, आणि मग जुनं नाव टाकलं. या वेळी आत कोणी नव्हतं. दार उघडलं. वर कोपऱ्यात माझं नाव आलं. मी पासवर्ड बदलला. लक्ष्मीच्या मागे नमस्कार करून लिहून ठेवला नाही. कोणाला सांगितला नाही. त्या जिनिंगच्या इतिहासात एकाच माणसाला माहीत असलेला तो पहिला पासवर्ड असेल. मग मी बाहेर पडले, पत्र्याच्या सावलीत बाकावर जाऊन बसले आणि डबा उघडून सकाळी सकाळीच पोळी खाल्ली. भूक लागली होती.

गाड्या काट्यावर आडव्या. मागं रस्त्यापर्यंत दुसऱ्यांच्या गाड्या अडकलेल्या. बैल तापलेले, माणसं त्याहून. नाईक आणि त्याचे दोघं-तिघं ऑफिसात शिरले. शेठजी आधी ओरडले, मग समजावत बसले, मग घामानं भिजले. शेवटी भाऊजींना म्हणाले, "जाऊ दे, कर दुरुस्त सगळ्याइचं, आत्ताच्या आत्ता, यांच्यासमोर."

मी दारात येऊन उभी राहिले होते. भाऊजी माझ्या खुर्चीवर बसले. आणि सवयीनं, एवढी माणसं पाठीमागे उभी असताना, त्यांनी माझं माहेरचं नाव टाकलं. अगदी सराईतपणे, न बघता. पासवर्ड टाकला. चूक. पुन्हा टाकला. चूक. मग उठले, लक्ष्मीला नमस्कार केला, फोटोमागचा कागद काढला, बघून बघून टाकला. चूक.

नाईक वाकून पडद्याकडे बघत होता. त्याला ते नाव ओळखता येत होतं, पावत्यांवर बघून बघून.

"हे तं बाईचं नाव आहे," तो म्हणाला. "तू कायले टाकून राह्यला?"

भाऊजींची बोटं कीबोर्डवरच राहिली. नाईकानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग हळू आवाजात, त्याच्या आवाजाच्या मानानं फारच हळू, म्हणाला, "अस्सं आहे का."

शेठजी माझ्याकडे वळले. "बेटा, पासवर्ड सांग."

"सांगणार नाही. खुर्ची द्या, मी करते."

भाऊजी उठले. मी बसले. पासवर्ड टाकताना शेठजींना म्हटलं, "तिकडे बघा." ते खरंच भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, आणि त्यांचं बघून नाईकाची माणसंही वळली. मला हसू आलं असतं, पण काम पुढं होतं. मग सॉफ्टवेअरमध्ये खोडलेल्या आकड्यांची नोंद राहिली होती ती बघून एकेका गाडीचं वजन होतं तसं केलं, नवी पावती छापली, नाईकाच्या हातात दिली. त्यानं प्रत्येक पावती डोळ्यांजवळ धरून पाहिली. शेवटची घेताना म्हणाला, "मी तुह्यावर आळ घेतला, बाई."

"नाव माझंच होतं ना," मी म्हटलं.

गाड्या निघून गेल्या. काटा सुरू झाला. मी खुर्ची सोडली नाही. माझ्या जुन्या नावानं नव्या नावाचं बंद केलेलं दार उघडलं, आणि शेठजींनी हळूहळू द्यायचे म्हटलेले सगळे हक्क तिला दिले. पुसदच्या मुलीनं आर्णीच्या सुनेला किल्ल्या दिल्या. घरातल्या कपाटाच्या अजून मिळायच्या होत्या, पण इथल्या मिळाल्या.

आता ते जुनं नाव? तसंच ठेवलं असतं तर आज ना उद्या कोणीतरी पुन्हा त्यात शिरलं असतं. पासवर्ड काय, बघून घेतात, विचारून घेतात, घरचे आहोत म्हणून मागून घेतात. ज्या नावाचा माणूस रोज त्या खुर्चीवर बसत नाही, ते नाव उघडं ठेवूच नये. हे मला आता चांगलं कळलं होतं. बाहेर पडले, नव्या नावानं आत आले, आणि जुनं नाव पुसायला काढलं. पडद्यावर प्रश्न आला. नक्की काढायचं का? काढलं तर परत येणार नाही.

माझं बोट एंटरवर होतं. कडेला यंदाच्या दसऱ्याचं कुंकू अजून थोडं राहिलं होतं. वडिलांनी ठेवलेलं नाव ते. बारशाला आत्यानं कानात सांगितलेलं. तांदळाच्या ताटात ते दुसऱ्यांनी पुसलं, त्याचं खापर मी दुसऱ्यांवर फोडू शकत होते. इथं मलाच पुसायचं होतं. मी रडले. हो, रडले, शेठजींसमोर, भाऊजींसमोर. आणि दाबलं.

कोणाला नोकरीवरून काढलं नाही. भाऊजी काट्यावरच राहिले, मी ऑफिसात. शेठजींनी फोटोमागचा कागद काढला आणि फाडला, पण माझ्याशी नीट बोलायला त्यांना पुढचा हंगाम उजाडावा लागला. माफी कोणी मागितली नाही, ना ऑफिसात, ना घरी. त्या संध्याकाळीही मी भाऊजींच्याच मोटरसायकलवर मागे बसून घरी गेले, कारण जायला दुसरं काही नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्यांच्याच मागे. अशी कितीतरी वर्षं गेली. ते पासवर्ड टाकताना एका हातानं कीबोर्ड झाकायचे, मीही झाकायची. एका घरात, एका ऑफिसात, एका गाडीवर, एकमेकांपासून हात झाकून.

त्या प्रकारानंतर थोड्याच दिवसांनी घरचा फोन वाजला. आम्ही जेवत होतो. सासूबाईंनी उचलला, ऐकला आणि म्हणाल्या, "या नावाचं इथं कोणी नाही." मग त्यांच्या लक्षात आलं, त्यांनी फोन माझ्यापुढं धरला. "तुझे वडील आहेत."

मी कानाला लावला. वडिलांनी हाक मारली, तीच, त्याच नावानं. माझ्या तोंडून शब्दच फुटेना. कोण बोलणार? ती तर मी माझ्या हातानं काढून टाकली होती. वडिलांना वाटलं लाईन गेली. त्यांनी पुन्हा हाक मारली, जरा मोठ्यानं, म्हातारी माणसं मारतात तशी. घरातले सगळे ताटावरून माझ्याकडे बघत होते.

मी ओ दिली. पंगतीच्या टोकाला बसलेल्या भाऊजींना नीट ऐकू जाईल, एवढ्या मोठ्यानं दिली.